जिवंत प्रवाळ: आहे / नाही

४ जानेवारी

नवी वही. पहिल्या पानावर नाव, हुद्दा आणि रुजू झाल्याची तारीख लिहून ठेवली. वही हरवली तर सापडणाऱ्याची गैरसोय नको.

आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सागरी जीव संरक्षण केंद्राचा प्रमुख म्हणून रुजू झालो. एकतीस वर्षे ठिकठिकाणच्या कार्यालयांत आवक-जावक आणि मसुदे यांत गेली. निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावून ही जबाबदारी दिली. म्हणाले, तुमच्यासारखा कागदाला कागद जुळवणारा माणूस तिथे हवा. मग फार आपुलकीने विचारले की पोहता येते का. मी खरे ते सांगितले: पाण्याची मला लहानपणापासून धास्ती आहे, अंघोळीलासुद्धा मी तांब्या घेतो, शॉवरखाली उभा राहत नाही. साहेबांचा चेहरा उजळला. "उत्तम," म्हणाले. माझ्या जिवाची इतकी काळजी आजवर कुठल्या वरिष्ठाने केली नव्हती.

केंद्र म्हणजे किनाऱ्यावरच्या इमारतीत खाली तीन खोल्या आणि वर आमचे राहणे. खाऱ्या हवेने कपाटाच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. उघडताना कपाट ओरडते, मिटताना रडते. आधीचे प्रमुख म्हणे फार लिहायचे, म्हणून त्यांना हलवले. त्यांच्या जागी पुन्हा लिहिणाराच माणूस पाठवला, यात साहेबांचे सातत्य दिसते.

ही गुडघे शेकत बसली आहे. आमचे हे सातवे बिऱ्हाड. आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. खूश असावी.

६ जानेवारी

कर्मचारी दोन. एक संशोधक मुलगी, वय अठ्ठावीस. दिवसातले चार तास पाण्याखाली असते. वस्तीत सगळे तिला पाणकोंबडी म्हणतात आणि ती ओ देते. दुसरे नावाडी. त्यांना वय विचारले तर बोटीचे सांगतात.

पाणकोंबडीने खिडकीतून समुद्र दाखवला. जिथे पाणी एकदम गडद होते, तो पट्टा म्हणजे प्रवाळाचा खडक. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, असे तिने मला समजावले. ते मोहरीएवढे जीव, लाखोंनी एकत्र राहतात, चुन्याची घरे बांधतात, आणि मेलेल्यांच्या घरांवर पुढचे बांधत जातात. वीतभर वाढायला कधी दहा-पंधरा वर्षे लागतात. मी म्हणालो, आमच्या कर्मचारी गृहनिर्माण संस्थेचेही तसेच आहे.

ती म्हणाली, साहेब, एकदा पाण्यात येऊन बघा. मी सांगितले की मी पाण्यात न उतरण्याला मोठ्या साहेबांचा पूर्ण पाठिंबा आहे. तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी जावक क्रमांक नसलेल्या पत्राकडे पाहतो.

१२ जानेवारी

इथल्या डॉक्टरांनी हिला गुडघ्यांसाठी रोज सकाळी खाऱ्या पाण्यात उभे राहायला सांगितले आहे. पाणकोंबडी सोबत नेईल. मी परवानगी दिली, फक्त गुडघ्यांपर्यंत या अटीवर. ही "बरं" म्हणाली. आमच्या घरात शिस्त आहे ती अशी.

२० जानेवारी

मुख्यालयातून जाड पाकीट. समोरच्या पाण्यात पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का बांधायचा आहे. हिला म्हणालो, "इथे धक्का बसणार आहे." ही म्हणाली, "कुणाला?" हिला अजून कार्यालयीन भाषा कळत नाही.

पाकिटात नमुना नऊ होता. भाग अ मध्ये धक्क्याकडे येणाऱ्या रस्त्यावरची झाडे, भाग ब मध्ये समुद्राचा तळ. भाग ब मधले मुख्य वाक्य असे: "प्रस्तावित जागी जिवंत प्रवाळ आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे." यातला "आहे" हा शब्द मुख्यालयानेच खोडून पाठवला होता. खाली "मी स्वतः प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे" असे छापलेले, आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली.

चूक गंभीर आहे. खोडायचे ते सही करणाऱ्याने, त्याच शाईने, आणि खोडल्याजागी आद्याक्षरी करून. दुपारी बांधकामाचे कंत्राट घेतलेले गृहस्थ आले. पांढरे बूट, दोन फोन. इथे त्यांना धक्केवाले म्हणतात. ते म्हणाले, मग त्याच्यावरूनच तुम्ही पुन्हा एकदा खोडा. मी त्यांना समजावले की दोनदा खोडलेला शब्द पुन्हा जिवंत झाला असा अर्थ निघू शकतो. धक्केवाल्यांनी पाणी मागितले.

कोरा नमुना मागवला आहे. पाणकोंबडी दारात उभी राहून सगळे ऐकत होती. ती गेल्यावर दार जोरात आपटले. वारा असावा.

१४ फेब्रुवारी

कोरा नमुना आला. भाग अ ची प्रत्यक्ष पाहणी केली. सोबत पाणकोंबडी आणि ही. टेकडीवरच्या रानातून रस्ता जाणार आहे. नकाशावर तिथे "किरकोळ झुडपे" लिहिले आहे. मी टेप घेऊन मोजली. दोनशे चौदा झाडे. सर्वात किरकोळ झुडपाला माझी मिठी पुरली नाही.

एका जुन्या झाडाच्या ढोलीचे तोंड लिंपून बंद केलेले होते, मधे फक्त एक चीर. तिथे धनेशाचे बिऱ्हाड आहे. पाणकोंबडीने सांगितले की मादी अंडी उबवायला स्वतःला आत कोंडून घेते. नर बाहेरून फळे आणून चिरेतून देतो. त्याला काही झाले किंवा झाड पडले, तर आतली सगळी संपली. आम्ही बसलो होतो तेवढ्यात तो बावीस वेळा आला. मी मोजले.

ही म्हणाली, "इतक्या खेपा करतोय, पण एकदा रिकाम्या चोचीने येऊन, आत कशी आहेस म्हणून विचारेल तर शपथ."

मी म्हणालो, पक्ष्यांना बोलता येत नाही. ही बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. उन्हाने डोळे दिपले असतील.

नोंद केली: झुडपे नाहीत. झाडे २१४, पैकी एक व्याप्त. राहती जागा पाडण्याआधी रहिवाशांना नोटीस द्यावी लागते. ती चिरेतून कशी बजावावी, याबद्दल मुख्यालयाचे मार्गदर्शन मागवले.

नोंद घेण्यासारखे: चढावर ही माझ्या पुढे होती. खाऱ्या पाण्याचा गुण दिसतो.

१९ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांचा फोन. चिरेबद्दल विचारले, तुम्ही विनोद करता का. मी म्हणालो, सेवेत कधी केलेला नाही.  साहेब म्हणाले, रस्त्याचे आम्ही बघतो, तुम्ही भाग ब वर सही करून पाठवा, मंत्र्यांच्या हस्ते पायाभरणी ठरली आहे. मी म्हणालो, पाहणी झाली की लगेच. साहेबांनी विचारले, कसली पाहणी, तुम्हाला तर पाण्याची भीती वाटते ना. पुन्हा तीच काळजी. मन भरून आले.

२१ फेब्रुवारी

हिच्या डोळ्यांभोवती, कपाळापासून नाकाखालपर्यंत, लाल गोल वळ उठला आहे. उशीची शिवण लागली असेल. नवी उशी घेऊ म्हणालो तर पदराने तोंड झाकून खोकत बसली.

जेवताना ही म्हणाली की पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि मागच्या बाजूने वाळू टाकतो, किनाऱ्यावरची बरीचशी पांढरी वाळू त्याचीच कर्तबगारी. जेवताना हा विषय नको, असे मी सुचवले. हे तुला कुठून कळले विचारले तर म्हणाली, गुडघ्यांकडून.

२३ फेब्रुवारी

पेच आहे. "स्वतः प्रत्यक्ष पाहून" या तीन शब्दांतून वाट निघत नाही. काचेच्या तळाची बादली चालेल का म्हणून नियमपुस्तक चाळले. नियम मौन पाळतात. पाणकोंबडीने पाहून मला सांगितले तर? ते "ऐकून" होते, "पाहून" नव्हे.

एकतीस वर्षांत मी न पाहता सही केलेली नाही. एका शिपायाने मुलाला गोवर झाल्याचे कारण लिहून रजा मागितली, तेव्हा मी घरी जाऊन गोवर पाहून आलो होतो. (नंतर मलाही झाला.) आता निवृत्तीच्या तोंडावर एका डबक्याला भिऊन तत्त्व सोडू?

समुद्राला डबके म्हटल्याने धीर येतो. हेच म्हणत राहावे.

२४ फेब्रुवारी

मोरीत बादली भरून तोंड पाण्यात घालण्याचा सराव. पहिल्या खेपेला तीन अंक मोजले. दुसऱ्या खेपेलाही तीन, पैकी एक ठसक्यात. तिसऱ्या खेपेला बादलीच कलंडली.

ही दारातून पाहत होती. म्हणाली, "अहो, श्वास कोंडून धरू नका. तोंडाने घ्या आणि हळूहळू सोडा. आणि डोळे मिटून काय बघणार आहात?" मग कुठूनतरी रबरी नळी असलेला चष्मा घेऊन आली, काचेला आतून थुंकी लावून धुतली म्हणजे धुके धरत नाही म्हणाली, आणि माझ्या डोक्याला पट्टा असा बसवला की एकही केस ओढला गेला नाही. पाचव्या खेपेला मी साठपर्यंत गेलो.

बायकांना काही गोष्टी उपजतच कळतात.

२७ फेब्रुवारी

पाहणी झाली. धक्केवाल्यांनी स्वतःची बोट दिली. माणूस सहकार्याला तयार आहे. कमरेला एक दोर, काखेत एक दोर, अंगात तरंगण्याचे जाकीट, आणि एक हात शिडीला. डबके, डबके, म्हणत तोंड घातले. पहिल्या खेपेस डोळे उघडायचे राहिले. दुसऱ्या खेपेस उघडले.

वाळू. चहूकडे सपाट वाळू आणि मध्ये एक काळी, जाडी समुद्री काकडी, जिला माझ्या येण्याचे काही वाटले नाही. प्रवाळ नाही. मन खट्टू झाले. का, ते सांगता येत नाही. प्रवाळ असावे अशी माझी काही नियमात बसणारी इच्छा नव्हती.

धक्केवाल्यांनी लगेच पेन पुढे केले. ओल्या हाताने सही करत नाही, शाई फुटते, उद्या करतो म्हणालो. जागेचे अक्षांश-रेखांश बोटीच्या पडद्यावरून उतरवून घेतले. त्याची गरज नाही म्हणाले. मी म्हणालो, रकाना रिकामा दिसला की मला झोप लागत नाही.

पाणकोंबडी हल्ली आमच्याकडेच जेवते. प्रवाळ नाही असे मी सांगितल्यावर ती घास तसाच ठेवून उठली. हिने विचारले, "कुठे पाहिलंत?"

"समुद्रात."

"समुद्र मोठा आहे हो. दीपस्तंभ कुठल्या हाताला होता?"

डाव्या, म्हणालो. ही म्हणाली, "तिथे सगळी वाळूच आहे. एक काळी काकडी असते, जाडी."

हिचा अंदाज इतका अचूक कसा, याचे नवल वाटत राहिले.

२८ फेब्रुवारी

सही करण्याआधी सवयीने आकड्याला आकडा जुळवला. नमुन्यातला रेखांश आणि मी उतरवून घेतलेला, यांत तिसऱ्या दशांशस्थळी सातचा फरक. पाणकोंबडीने गणित करून सांगितले, जवळपास पाऊण किलोमीटर.

बिचाऱ्या धक्केवाल्यांची केवढी गफलत. चुकीच्या जागी धक्का बांधून बसले असते. ताबडतोब फोन करून सांगितले की आपल्या बोटवाल्याने आपल्याला फसवले आहे, वेळेत सापडले म्हणून बरे.  ते म्हणाले, साहेब, पाणी इथूनतिथून एकच. मी म्हणालो, तसा रकाना नाही.

त्यांची बोट दुरुस्तीला गेली आहे असे कळले. उद्या आमच्या नावाड्यांबरोबर जाणार.

१ मार्च

अक्षर आज वाईट येईल. क्रमाने लिहितो.

सकाळी साडेसातला पाणकोंबडीबरोबर बोटीवर गेलो तर ही आधीच बसलेली. अंगात काळा, गळ्यापासून घोट्यापर्यंत घट्ट, रबरी पोशाख. मी म्हणालो, हे काय. ही म्हणाली, गुडघ्यांना ऊब राहते. नावाडी दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

जागा आली. आकडे जुळवले. शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर. मी दोर बांधून घेत होतो, तेवढ्यात ही बोटीच्या काठावर पाठमोरी बसली आणि मागच्या मागे पाण्यात गेली.

मी ओरडलो असे पाणकोंबडी सांगते. मला एवढेच आठवते की ही बुडाली, हिला पोहता येत नाही, आणि मीही पाण्यात होतो. दोर बांधायचा राहिला होता. शिडी धरायची राहिली होती. चष्मा कपाळावर होता. नाकातोंडात खारट पाणी, डोक्यात एकच विचार, की परवानगी गुडघ्यांपर्यंतच दिली होती.

मग कुणीतरी माझा हात धरला. ही होती. तरंगत होती, बदकासारखी. तिने माझा चष्मा खाली ओढला, नळी तोंडात दिली, आणि म्हणाली, "आता बघा."

पाहिले.

तळ नव्हताच तिथे. गाव होते. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, थरावर थर असलेले कोबी, सुरकुत्यांचे मोठमोठे गोल मेंदू. माझी सावली पडली की शेकडो निळे मासे फांद्यांत शिरत, सावली सरकली की सगळे बाहेर. एका खडकाशी छोटे पट्ट्यापट्ट्यांचे मासे मोठ्या माशांच्या तोंडात शिरून दात साफ करत होते, आणि बाकीचे मोठे मासे आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबले होते. रांगेत. कुणी पुढे घुसत नव्हता, कुणाचा वशिला नव्हता. एकतीस वर्षे ज्या कार्यालयाची मी वाट पाहिली, ते इथे चालले होते, दोन पुरुषभर खोल पाण्याखाली.

मी मोजायला लागलो आणि सतराव्यावर चुकलो. पुन्हा सुरू केले, नवव्यावर चुकलो. एक कासव खालून निवांत गेले आणि जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. मग मोजणे सोडून दिले.

हिने हात सोडला नव्हता. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. हिच्या हाताला एवढी ताकद आहे हे ठाऊक नव्हते.

वर येऊन शिडी धरली. ही म्हणाली, "जानेवारीपासून रोज येतेय. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

गुडघ्यांचे विचारायचो, असे म्हणणार होतो. मग आठवले की तेही विचारले नव्हते.

३ मार्च

भाग ब भरला. "नाही" हा शब्द खोडला, स्वतःच्या शाईने, आद्याक्षरीसह. "आहे" एकटा उरला. इतका चांगला दिसत होता की पानावर टिपकागद ठेवायचे जिवावर आले.

सोबत परिशिष्ट जोडले, पाने एकोणीस. हिने आणि पाणकोंबडीने दोन महिन्यांत एकशे सत्तर प्रकारच्या जिवांची नोंद करून ठेवली होती, माझ्याच कार्यालयाच्या रद्दी कागदांच्या पाठीवर. नोंदी निर्दोष आहेत. तारीख, वेळ, खोली, संख्या. मी फक्त रेघा मारल्या.

साक्षीदार खात्याबाहेरचा लागतो. हिने सही केली. पूर्ण नाव, ठसठशीत. मी तिला माझे पेन दिले. ते मी कुणाला देत नाही.

आणि वाळूवरची पहिली पाहणी तरी वाया का घालवायची, म्हणून तीही वेगळ्या नमुन्यावर भरून पाठवली: या अक्षांश-रेखांशावर प्रवाळ नाही, एक काकडी आहे, जागा दाखवणार धक्केवाले स्वतः. नस्ती पूर्ण असावी.

११ मार्च

मोठे साहेब फोनवर बराच वेळ बोलले. त्यांतले बहुतेक शब्द लिहिण्यासारखे नाहीत. तात्पर्य, अहवाल मागे घ्या, निवृत्ती जवळ आली आहे, विचार करा.

विचार केला. भीती वाटली हे नाकारत नाही. चौकशी लागली तर शेवटचे महिने खाली मान घालून काढावे लागतील आणि निरोप समारंभाला कुणी येणार नाही. दुपारभर वहीच्या कोपऱ्यात "मागे घेत आहे" असे चार वेळा लिहून पाहिले. चारही वेळा तो मासा आठवला, रांगेत तोंड उघडे ठेवून थांबलेला.

संध्याकाळी उलट फोन केला. सांगितले की अहवाल मला मागे घेता येत नाही. नियम चौदाप्रमाणे तो फक्त वरिष्ठ रद्द करू शकतात, तेही त्याच जागेची स्वतः प्रत्यक्ष पाहणी करून. चष्मा आणि नळी इथे आहे, माझी पत्नी शिकवील. आपल्याला पोहता येते का, असेही काळजीने विचारले.

साहेबांनी फोन ठेवला. रेंज गेली असावी.

२ एप्रिल

कळले ते असे. अहवालाची एक प्रत नियमाप्रमाणे मंत्र्यांच्या कार्यालयात जाते, म्हणून मी पाठवली होती. तिथे कुणीतरी परिशिष्ट वाचले. एकशे सत्तर जिवांवर दगड टाकून पायाभरणीचा फोटो काढायला मंत्री तयार होईनात. पण पायाभरणी तर जाहीर झालेली. तेव्हा त्याच नस्तीत त्यांना दुसरा नमुना सापडला: प्रवाळ नसलेली, सपाट, खुद्द धक्केवाल्यांनी दाखवलेली जागा.

धक्का तिकडे हलवला. तिथपर्यंत जुना रस्ता आहे, टेकडीवरून नवा काढायची गरज उरली नाही. धक्केवाले आज भेटले, बूट चिखलात भरले होते. म्हणाले, साहेब, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. मी आभार मानले.

पाणकोंबडीने मला काका म्हटले. कार्यालयीन वेळेत. हरकत घेतली नाही.

१८ एप्रिल

माझी बदली. मुख्यालय, अभिलेख कक्ष, तळघर. एक मेपासून. उरलेले चार महिने मी जुन्या नस्त्यांना क्रमांक द्यायचे. पाणकोंबडी म्हणते ही शिक्षा आहे. मला तसे वाटत नाही, त्या नस्त्यांना क्रमांकांची खरोखर गरज आहे.

तरी चहा गोड लागला नाही.

२६ एप्रिल

माझी बॅग भरून झाली. हिची रिकामी. हिचे नेहमीचेच, शेवटच्या दिवशी धावपळ, असे म्हणून मी तिचे कपडे काढायला लागलो, तर तिने ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा कपाटात ठेवले. कपाट रडले.

ही म्हणाली, "अहो, बसा जरा."

बसलो.

"तुमच्या बदल्यांमागून मी सात घरं बांधली आणि सहा सोडली. कुरकुर केली का कधी? नाही. या वेळी मी येत नाही. पाणकोंबडीने माझं नाव संशोधन संस्थेला कळवलं होतं. प्रवाळाची राखण आणि नोंदी, वर्षभर. परवा पत्र आलं."

मी विचारले, मग माझ्या जेवणाचे काय. विचारल्याबरोबर समजले की प्रश्न चुकला. दुरुस्त करून विचारले, "तू इथे एकटी राहशील?"

"एकटी कशी? तुम्ही पाहिलंत ना खाली."

 खाली नावाडी बोटीला रंग देत होते, त्याचा वास येत होता. मी म्हणालो, "कशी आहेस?"

ही म्हणाली, "बरी आहे." आणि डोळे पुसले. वास उग्र होता.

२७ एप्रिल

नियमपुस्तक पुन्हा काढले. "पती-पत्नी एकत्रीकरण" या कलमाखाली जोडीदाराच्या गावी बदली मागता येते. पण जोडीदार शासकीय सेवेत हवा. संस्था शासकीय नाही. कलम बाद.

मग शिल्लक रजेचे पान काढले. एकतीस वर्षांत गोवराचे अकरा दिवस सोडले तर एकही रजा घेतलेली नाही. साठलेली रजा निवृत्तीपर्यंत पुरून उरते. तळघरातल्या नस्त्या इतकी वर्षे थांबल्या आहेत, आणखी थोड्या थांबतील. हे वाक्य मी लिहिले यावर विश्वास बसत नाही, पण शाई माझीच आहे.

अर्जाचा नमुना घेतला. नाव, हुद्दा, कालावधी भरले. "रजेचे कारण" या रकान्यापाशी अडलो. इतरांची कारणे मी आयुष्यभर तपासली, स्वतःचे लिहायची वेळ आली नव्हती. शेवटी लिहिले: पत्नीची बदली.

ही आत्ताच पाण्यातून आली होती, केसांतून पाणी गळत होते. टॉवेलने हात पुसून तिने अर्ज वाचला आणि म्हणाली, "बदली नाही हो. पदोन्नती लिहा."

खोडले, दुरुस्त केले, आद्याक्षरी केली. तिच्या हातचा पाण्याचा एक थेंब कागदावर पडला होता. नमुना नवा घ्यायला हवा होता. तसाच पाठवला.